बिनजकातीचा माळ

पाव्हणं, समोर हे कारखाने दिसताहेत ना, त्या जागेला सरकारी कागदात काहीही नाव असो, आम्ही तिला बिनजकातीचा माळच म्हणतो.

असे सांगतात, की पूर्वी उगवतीला चिंचखेडचे देशमुख आणि मावळतीला पळसगावचे जहागीरदार, दोघेही हा माळ आपलाच म्हणत. चिंचखेडचे कोष्टी विणत, पळसगावचे रंगारी सूत रंगवत. पण सूत तिकडे जाताना जकात, रंगून परत येताना पुन्हा जकात. शेवटी माग बंद पडले आणि विणणाऱ्या हातांनी भाले धरले.

तान्हूबाई कोष्टिणीचा नवरा अशाच एका चकमकीत पडला. तेरावा उरकला आणि तिने घरातला माग सोडवून माळाच्या मधोमध आणला. खड्डा खणून मांडला. देशमुखांचा जकातदार धावत आला.

"घे की जकात," ती म्हणाली. "पण इथं तू हात पुढं केलास, तर पलीकडचे तलवारी काढतील. त्यांनी केला, तर तुम्ही काढाल. तवर मी विणते."

जकातदार आल्या पावली परतला म्हणे.

चौथ्या दिवशी पळसगावचा इमाम रंगारी निळीची काहील बैलावर लादून आला. त्याच चकमकीत त्याचा भाऊ गेला होता. तान्हूबाई उठून उभी राहिली. त्याने काहील उतरवून तिच्या मागाशेजारी ठेवली.

मग इमामने विचारले, "बाई, पाणी कुठं लागंल?"

दोन्ही गावांच्या माणसांनी मिळून विहीर खणली. वर्षभरात माळावर साठ माग आणि वीस काहिली झाल्या.

दसऱ्याला दोन्ही फौजा माळ जिंकायला आल्या. देशमुखांनी हुकूम दिला, पण कुणी हलेना. समोर मागावर शिपायांच्याच बहिणी, त्यांचेच भाऊ बसलेले. जहागीरदारांचा एक म्हातारा शिपाई भाला टाकून म्हणाला, "सरकार, ह्यांना मारून घरी कुणाला तोंड दाखवू?"

भाले पडत गेले. दोघे धनी घोड्यांवरून उतरले आणि निळीच्या काहिलीत कोपरापर्यंत हात बुडवून त्यांनी शपथ घेतली: इथे येईल त्यावर, इथे बनेल त्यावर, कुणाचीही जकात नाही. तो रंग मरेपर्यंत उतरला नाही म्हणे.

आजही इथे नवा कारखाना निघाला, की पहिली कळ दोन्ही गावांचे हात मिळून दाबतात. परवा माझ्या लेकीने दाबली, पळसगावच्या शमीमसोबत. यंत्र धडधडले आणि दोन्ही गावांचे ढोल एकदमच सुटले.