राजकन्या बदरीची वाचा आणि शंभर बोरी

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. त्याला एकुलती एक कन्या, तिचे नाव बदरी. राजवाड्यामागे शंभर बोरींची बाग होती, आणि राजकन्येची वाचा त्या बागेशी बांधलेली होती. बाग फळली की तिचे बोल फळत, बाग सुकली की तिचा कंठ सुके. म्हणून राजाने दवंडी पिटवली होती, "या बागेतल्या फांदीला जो लोखंड लावील, त्याचा हात कलम होईल!"

वर्षे लोटली. फांद्यांत फांद्या गुंतल्या. भर दुपारीही बागेत उजेड शिरेना.

त्या काळोखात भुरकेश मांत्रिक येऊन राहिला. त्याचा स्वतःचा आवाज कधीच वाळून गेला होता. चोरलेल्या आवाजांवर तो जगे. कार्तिकात बोरे वाटाण्याएवढी झाली, आणि त्याने मुठीतली पांढरी भुकटी फुंकली. सकाळी पाहावे तो काय, फुलांवर, पानांवर, फळांवर भुरी पडली होती, जणू कुणी पीठ चाळले होते! बोरे तपकिरी पडली, खरखरीत झाली, तडकली. टप्! एक बोर गळले आणि राजकन्या 'चांदणे' हा शब्द विसरली. टप्! 'हत्ती' गेला. टप्! 'भूक' गेली. फाल्गुनात एकच बोर उरले आणि बदरीच्या ओठी एकच शब्द उरला. "आबा."

वैद्य हरले, ज्योतिषी पळाले. तेव्हा बागेची माळीण हौसा कुंपणाशी गेली. तिथे भारद्वाज पक्षी राहत असे. तो बोलत असे. त्याचे कुणाला नवल नव्हते.

"पक्षीराज, हा मांत्रिक कसा जाईल?"

"तीन कामांनी," भारद्वाज म्हणाला. "त्याचे सैन्य जमिनीवर निजले आहे. गळलेले पान, सडलेले बोर, एकही मागे न ठेवता सूर्यास्ताआधी जाळ."

हौसाने पदर खोचला. शंभर झाडांखालचे तिने झाडून काढले. ढीग तिच्या डोक्यापर्यंत गेला. ती पलिता लावणार, तोच ढिगातून तिच्या दिवंगत नवऱ्याचा, रायाजीचा आवाज आला, "हौसे, मला जाळू नकोस!"

तिने पलिता मागे घेतला. डोळे भरून आले. पण रायाजीने उभ्या जन्मात तिला नावाने हाक मारली नव्हती!

"लबाडा!" ती ओरडली आणि तिने पलिता टेकवला. ढीग भडभडा पेटला.

"आता दुसरे काम," भारद्वाज म्हणाला. "वैशाख लागला. पाने झडली, झाडे निजली. रोगट फांद्या काप, दाटी मोड, सूर्याला आत घे."

हौसा कोयता घेऊन थेट दरबारात उभी राहिली.

"दवंडी ऐकली नाहीस?" राजाने विचारले.

"ऐकली, महाराज. छाटणी झाली की हात घ्या."

"त्या रोगट फांदीवर शेवटचे बोर आहे. माझ्या लेकीचा शेवटचा शब्द!"

"ती फांदी राहिली तर मांत्रिकही राहील, महाराज."

तेव्हा बदरी पुढे आली. हौसाच्या हातातला कोयता तिने घेतला, पित्याच्या हाती दिला आणि म्हणाली, "आबा."

राजा बागेत गेला. डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. एका घावात त्याने ती फांदी उतरवली. बोर मातीत पडले, आणि राजकन्या मुकी झाली. त्यानंतर हौसाचा कोयता आठ दिवस चालला. शंभर बोरी बोडक्या झाल्या आणि कित्येक वर्षांनी त्यांच्या बुंध्यावर ऊन पडले.

भारद्वाजाने सांगितलेले तिसरे काम दूरचे, गंधक आणण्याचे. पिवळ्या डोंगरात नागराज गंधक राखत होता. त्याची कात डोळ्यांवर अडकून तो आंधळा झाला होता. हौसाने तिथल्या झऱ्याचे कोमट पाणी ओंजळी ओंजळीने घालून ती कात अलगद सोडवली.

"माग," नाग म्हणाला.

"गंधक."

"सोने का नाही?"

"सोन्याने भुरी जात नाही."

नाग हसला. त्याने गंधकाचे पोते भरून दिले. "कोरडे ठेव. ऊन तापायच्या आत, वारा पडलेला असताना उधळ. एकदा नव्हे, पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा."

हौसा परतली तेव्हा बोरींना हिरवेगार फुटवे आले होते. भाद्रपदात फुले आली, माश्या गुणगुणल्या. कार्तिकात बोरे वाटाण्याएवढी झाली, आणि एका सकाळी कुंपणावर भुरकेश उभा राहिला!

त्याने मुठी उघडल्या. पांढरा लोट सुटला! हौसाने पोते फोडले. पिवळा लोट उठला! पांढऱ्यावर पिवळे, पिवळ्यावर पांढरे, बाग दिसेनाशी झाली. राजाने मुकुट भिरकावला आणि दोन्ही हातांनी तोही गंधक उधळू लागला. भुरकेश सावली शोधत या झाडाखालून त्या झाडाखाली धावला. सावली होती कुठे? प्रत्येक फांदीतून ऊन गळत होते! बागेच्या मधोमध तो अडखळला, आक्रसला, आणि चिमूटभर राख होऊन मातीला मिळाला.

नागाच्या सांगण्याप्रमाणे हौसाने आणखी दोनदा गंधक उधळले. पौषात फांद्या फळांनी वाकल्या. राजकन्येने एक हिरवट बोर तोडले, दातांखाली चावले आणि डोळे घट्ट मिटून किंचाळली, "आंबट!"

राजवाडा दणाणला! नगारे वाजले, हत्ती नाचले, राजा लहान मुलासारखा रडला. जुनी दवंडी रद्द झाली. हौसा बागेची मुख्याधिकारी झाली, आणि दरवर्षी वैशाखात पहिली फांदी राजाने स्वतः उतरवावी असा नियम झाला.

बोरे पिकत गेली, तसे बदरीचे शब्द परतत गेले. तिने वर्षाची राहिलेली बडबड अशी काही सुरू केली, की तिसऱ्या दिवशी राजाच हात जोडून म्हणाला, "पोरी, जरा श्वास तरी घे!"