काचेतली फट

एकदा एका तरुण शिक्षकाचा पारा असा चढला, की त्याने भर वर्गात तनुजा नावाच्या मुलीला उभे केले आणि बजावले, "विज्ञानाच्या तासाला पुन्हा बसायचं नाही." अपराध एवढाच, की पृथ्वी का तापते असे विचारल्यावर ती याही वेळी म्हणाली होती, "आकाशाला भोक पडलंय, त्यातून जास्त ऊन आत येतं."

राग येणारच. या पोरांसाठी त्याने रात्रंदिवस खपून संगणकावर हलते चित्र तयार केले होते. पृथ्वीभोवती वायूंचे काचेसारखे आवरण, सूर्याकडून येणारे पिवळे बाण, तापल्या जमिनीवरून निघून आवरणात अडणारे तांबडे बाण. भिंतीवर ते दाखवून दाखवून तो दमला, तरी निम्मा वर्ग आपला भोकालाच चिकटलेला. तो तडक आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. "दगड आहेत नुसते. डोळ्यांसमोर धरलं तरी कळत नाही."

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले. येताना दाराबाहेर बसलेल्या तनुजाला त्यांनी हाताला धरून आत आणले. चित्र सुरू झाले, पिवळा बाण आवरणापाशी पोहोचला, आणि गुरुजींनी ते तिथेच थांबवले. मग शिक्षकाला मुलांच्या बाकावर बसवले आणि तनुजाला भिंतीपाशी उभे केले.

शिक्षकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मुलीला काढले, तिच्यापुढे आपण बाकावर?

"काय दिसतं ते बोट ठेवून सांग, बाळ," गुरुजी म्हणाले.

तनुजा घाबरत म्हणाली, "इथे काच तुटलीय. बाण इथूनच आत येतो. हेच ते भोक ना?"

काचेत खरोखरच फट होती. बाण ठसठशीत दिसावा म्हणून शिक्षकानेच ती ठेवली होती.

गुरुजींचा आवाज चढला. "तुला विज्ञान आधीच ठाऊक, म्हणून तुला फट दिसली नाही. तिने भोकाचं कुठेतरी ऐकलं होतं, आणि तू तिला आयता पुरावा दिलास. अरे, चित्र भिंतीवर पडतं, पण प्रत्येकाला दिसतं ते आपापल्या समजुतीतून. तिला काय दिसलं, एवढं एकदाही न विचारता तू या मुलीचं शिक्षण तोडायला निघालास. मला चीड येते तुझी."

शिक्षकाचा संताप अजून होता, पण आता तो स्वतःवरच होता. उठून त्याने सर्वांसमोर ती फट बुजवली आणि चित्र पुन्हा लावले. पिवळा बाण अखंड काचेतून सरळ आत आला.

"भोक नाही, तरी आला?" तनुजाने विचारले.

"उन्हाला आत यायला भोक लागत नाही," शिक्षक म्हणाला. " जमिनीची उष्णता बाहेर जाताना अडते. आपल्या धुरातल्या वायूंनी आवरण दाट होतं, तशी जास्तच अडते."

तिने अडलेल्या तांबड्या बाणावर बोट ठेवले. "म्हणजे बुजवायचं काहीच नाही. आवरण दाट करणं थांबवायला हवं."

शिक्षकाने वर्गासमोर तिची माफी मागितली. त्या तासाला पुढे मुलेच बोलत राहिली, आणि तो ऐकत होता.