कलिंगडाच्या बियावरचा खटला

फार पूर्वी, अरबस्तानातून गलबतं यायची त्या काळी, कोकणातल्या एका बंदराच्या वखारीत उंदरांची पंचायत होती. तिचा म्होरक्या भानजी. परदेशातून काही उतरलं की त्याला त्यात संकटच दिसायचं.

एकदा गलबतावरून कलिंगडाचं एक बी घरंगळत वखारीत आलं. भानजीने त्याला लगेच पंचांपुढे उभं केलं.

“तुझा वेल म्हणे सगळीकडे पसरतो? मग आम्ही राहायचं कुठे?”

“काका, पसरण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही,” बी म्हणालं.

पंचांत वाद पेटला. न्याय निःपक्षपाती हवा, म्हणजे सरपंच बाहेरचाच हवा, असं ठरलं. त्याच गलबतावरून उतरलेला एक गलेलठ्ठ उंदीर दाराशी अंग खाजवत बसला होता. भानजीने त्याला मानाने आत आणून पंचांच्या मधोमध बसवलं. त्याच्या अंगावरच्या पिसवा टुणटुण उड्या मारत पंचांच्या अंगावर गेल्या.

“अरे, ह्यांना कोणी बोलावलं?” एका म्हाताऱ्या उंदरिणीने विचारलं.

“आत्याबाई, गप्प बसा. सरपंचांचा लवाजमा आहे तो!” भानजीने दटावलं.

खटला रंगात आला आणि पंचांना ताप भरू लागला. एकेक जण कलंडला. सरपंचही बोलता बोलता आडवा झाला. शेवटी तापाने फणफणलेला भानजी एकटाच उरला. तोवर बियाला मोड आला होता.

“निकाल लागेपर्यंत उगवायचं नाही हं!” भानजी धापा टाकत म्हणाला.

“नाही उगवत, काका. पण निकाल देणार कोण?”

भानजीने वखारभर नजर फिरवली.

“पसर बाबा,” तो म्हणाला, “आता जागाच जागा आहे.”