परत आलेले सूर

"मग आपलं नाव कुठं आहे, अण्णा?"

नेमगोंडा अण्णा कारखान्याच्या उंबऱ्याशी बसले होते. विचारणारा पुतण्या भरतेश समोर उभा होता.

हार्मोनियमच्या पोटात वाऱ्यानं थरथरणारी जी पितळी पाती असते, तिला या धंद्यात सूर म्हणतात. कृष्णाकाठच्या त्या कारखान्यात सूर सोडून दुसरं काही बनत नसे. देशोदेशीच्या पेट्यांत हेच सूर, पेटीवर नाव मात्र दुसऱ्याचं. भरतेश अण्णांच्याच हाताखाली घडला होता. हात चांगला, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. अण्णांचं वय झालं होतं. कारखान्याची किल्ली आज ना उद्या कुणाला तरी द्यायची होती.

"आपण अख्खी पेटी काढू. वर आपलं नाव. मग गिटार, व्हायोलिन... किल्ली माझ्याकडं द्या अण्णा, जग ओळखंल आपल्याला."

"बरं." अण्णांनी आत जाऊन एक जुनी पेटी आणली. "वाजीव."

भरतेशनं भाता ओढला. एक सूर घोगरा निघाला. दुसरा कापला. तिसरा बोललाच नाही.

"मोडकी आहे ही."

"मोडकी न्हाई. ह्यातले सूर परत आलेले हैत. गिऱ्हाइकांनी धाडलेले. रोज कामाआधी ऐकतो मी." त्यांनी घोगऱ्या सुराच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा समुद्राकाठचा. खाऱ्या हवेनं गेला. ह्यानं सांगितलं, तवा आपण पितळ बदललं. आन् कापतोय तो डोंगरातला, थंडीनं..."

"आणि हा मुका?"

अण्णांनी पेटी उघडली. सूर काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. पाठीवर कानशीची तिरकी रेघ होती. अशी तिरकी कानस कारखान्यात एकटा भरतेश मारायचा.

त्याचा चेहरा उतरला. लाज वाटली, फार वाटली. त्यानं मूठ मिटली.

"मी नवा बसवतो. हा टाकून देतो."

अण्णांनी त्याची मूठ धरली. सोडली नाही.

भरतेशनं मिटल्या मुठीकडं पाहिलं.

"अण्णा, कुणाच्या पेटीत होता हा?"

"एका कीर्तनकार बाईंच्या. भर कीर्तनात बंद पडला."

"मग? काय केलं त्यांनी?"

"पुढचं पेटीबिगर गायल्या."

भरतेशनं मूठ उघडली. सूर होता तिथंच परत बसवला. भाता ओढून त्यानं ती मुकी पट्टी दाबली आणि कान लावून ऐकत राहिला... आतून नुसता वारा येत होता.

"राहतात कुठं त्या? मी जाऊन येतो."

अण्णांनी कमरेची किल्ली सोडली आणि पेटीवर ठेवली.

"जा. आन् तुझा दुसरा सूर परत आला, की ह्याच्या शेजारी बसीव."