समुद्रानं ऐकलेला 'जा'

या रे, जवळ सरका. एस्तेर, पाय पांघरुणात घे. हं, आता ऐका.

समुद्राला तेव्हा कान होते. आपल्यासारखे दोन नव्हेत, बरं का. प्रत्येक लाट म्हणजे एक कान. आणि त्या कानांना ओठांवरचं कमी ऐकू यायचं, मनातलं जास्त.

त्या समुद्राच्या काठी एक कोळीवाडा होता. टेकाडावर मरियामातेचं देऊळ, खाली वाळूत होड्या. तिथे कतरीन राहायची. तिचा नवरा इनास. आणि भिंतीला भिंत लागून तिची मोठी जाऊ पासकू. पासकूचा नवरा समुद्रातून परत आलाच नव्हता. म्हणून होडी काठाला लागली की इनास पहिली टोपली वहिनीच्या ओट्यावर ठेवायचा आणि मग घरी यायचा.

ही पासकू बोलायला भारी फटकळ. भिंतीवरून डोकावून म्हणायची, "काय गं कतरीन, भात शिजवलास की वाळू भाजलीस?" कतरीन मात्र गोड बोलायची. सगळा कोळीवाडा तिचं कौतुक करायचा.

मग उपासकाळ आला, ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. कुणी मटण सोडलं, कुणी विडी सोडली. कतरीननं देवळात गुडघे टेकले आणि व्रत घेतलं. "प्रभू, ईस्टरपर्यंत माझ्या तोंडून एकही कडू शब्द निघणार नाही."

आणि पाळलं हो तिनं! पासकू टाकून बोलली, कतरीन हसली. इनासनं मोठी सुरमई वहिनीला दिली, कतरीन म्हणाली, "बरं केलंस." पण न बोललेला शब्द जातो कुठे? आपण मासळीला मीठ लावून मडक्यात दाबतो ना, तसा तिनं एकेक शब्द मनात दाबला. थरावर थर. वर झाकण. आणि झाकणावर हसू.

एक दिवस इनास होडी ढकलता ढकलता म्हणाला, "आल्यावर आधी वहिनीचं छप्पर शाकारतो. आपलं ईस्टरनंतर बघू. येतो हं."

आता बघा, घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि घरातलं माणूस म्हणतं, 'ये हं.' जो समुद्रावर निघाला त्याला तर कुणी 'जा' म्हणतच नाही.

कतरीन हसली. गोड आवाजात म्हणाली, "जा रे, जा."

एवढंच. त्यात कडू काय आहे? काही नाही. व्रत मोडलं का? नाही. पण त्या 'जा'च्या खाली सगळं मडकं भरलेलं होतं. पायाशी आलेल्या लाटेनं ते ऐकलं. तिनं मागच्या लाटेला सांगितलं, तिनं तिच्या मागच्या लाटेला.

दुपारी धुकं उतरलं. असलं दाट, की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. वाट कळावी म्हणून देवळाची घंटा वाजायला लागली. एकेक होडी चाचपडत काठाला लागली. सगळ्या आल्या. इनासची आली नाही.

कतरीन पाण्यापर्यंत धावली. गोड गळा काढून हाक मारली, "इनास, ये रे माझ्या राजा!" हाक रिकाम्या शिंपल्यासारखी पाण्यात पडली. धुकं आणखी दाटलं.

मग तिनं जपमाळ काढली. मोठ्यानं प्रार्थना म्हटली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी म्हणाली, "आणि प्रभू, मी माझं व्रत पाळलंय, तेवढं ध्यानात असू दे." धुकं सरकत सरकत तिच्या पावलांपर्यंत आलं.

तेवढ्यात पासकू आली. केस सुटलेले, पदर वाळूत लोळतोय. कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे मेल्या इनाश्या! कुठे कडमडलास? मुकाट्यानं घरी ये, नाहीतर तंगडं मोडून हातात देईन!"

आणि धुकं फाटलं, पोरांनो! पडदा सरकावा तसं. सगळ्यांनी पाहिलं, इनासची होडी काळ्या खडकाला भिडायला आली होती. शीड फाटलेलं. इनास वल्ह्यानं खडकाला रेटत होता. आणि पडदा परत मिटला.

पासकूनं पुन्हा हाक मारली. धुकं वीतभर उघडलं, मिटलं. ती मटकन वाळूत बसली.

"माझ्यानं नाही होत गं. याला कुणीतरी 'जा' म्हटलंय. ज्यानं 'जा' म्हटलं, त्यालाच 'ये' म्हणावं लागेल."

कतरीन पुढे झाली. "मीच म्हटलं. पण मी 'ये' म्हणतेय की! समुद्र ऐकतच नाही."

"तोंडानं म्हणतेस. आत काय आहे ते आधी बाहेर काढ."

"माझं व्रत मोडेल, पासकू."

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. कडाड! लाकूड खडकावर आपटल्याचा.

मग झाकण उडालं. कतरीन म्हणाली, "मला तुझा राग येतो, पासकू. तू माझ्या भाताला नावं ठेवतेस, ते झोंबतं. पहिली टोपली तुझ्या ओट्यावर जाते ना, तेव्हा मला वाटतं... मला वाटतं, नवऱ्याबरोबर तूही का नाही गेलीस!"

 

कतरीननं तोंड झाकून घेतलं. "इतकं काळं आहे माझ्या आत. आणि वर मी व्रत मिरवत होते. प्रभू, माझं व्रत असू दे बाजूला. हे घे. हे धू."

पासकू जन्मात पहिल्यांदा गप्प झाली होती. मग तिनं आपल्या पदरानं कतरीनचं नाक पुसलं. "बोललीस एकदाची. माझ्या आत तरी काय मेणबत्त्या लागल्यात? ऊठ. हाक मार."

कतरीन उठली. आवाज पार बसला होता. गोडवा नाही, गळा नाही. जेमतेम कुजबुज निघाली.

"इनास, ये."

लाटेनं ऐकलं. तिनं पुढच्या लाटेला सांगितलं, तिनं तिच्या पुढच्या लाटेला. सगळा समुद्र काठाकडे वळला आणि धुक्यातून एक फुटकी होडी अलगद येऊन वाळूला टेकली. इनास उतरला, गुडघे सोललेले, दात वाजतायत. म्हणाला, "अगं रडतेस काय? येतो म्हणून सांगून गेलो होतो ना!"

त्या ईस्टरला पहिली टोपली पासकूच्या ओट्यावर कतरीननंच नेऊन ठेवली. पासकूनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एवढीच?" आणि दोघी हसल्या. या खेपेला झाकणावरचं हसू नव्हतं ते. पुढे दोघींची चूल एक झाली आणि सगळी सुखानं राहिली. भात मात्र पासकूच शिजवायची.

चला, डोळे मिटा. कुणाच्या मडक्यात काही दाबून ठेवलं असेल तर आत्ताच शेजारच्याला सांगून टाका, मग प्रभूला सांगा. सांगितलं? हं. आता मनापासून झोपेला हाक मारा. काय म्हणायचं तिला?

ये.