सतरा माणसांचं घर

फार पूर्वी समुद्रात समोरासमोर दोन बेटं होती. राजे वेगळे, झेंडे वेगळे. थोरल्या बेटावर फरसबंद रस्ते, दारात पाणी, गल्लोगल्ली वैद्य. धाकट्यावर वाळू, एक विहीर आणि मासळी.

एकदा दोन्ही राजांनी ठरवलं, कुठलं जगणं बरं याचा सोक्षमोक्ष लावायचा. ज्या घरात हाल, ते घर बऱ्या बेटावर हलवायचं. अट एकच: घर मोडायचं नाही, सगळी माणसं एकत्र न्यायची.

थोरल्या बेटाचा कारकून वही घेऊन धाकट्यावर आला. पहिल्याच झोपडीत एक आई आपल्या लेकीला भात भरवत होती.

"बाई, घरात माणसं किती?"

"सतरा," आई म्हणाली.

कारकुनाने एकुलत्या एक खोलीकडे पाहिलं. "इथे सतरा झोपतात?"

"झोपतो दोघीच. पण माझं पोर न विचारता कडेवर घेतात, चुकलं तर न विचारता दटावतात, ते सतरा. आमच्याकडे त्यालाच घर म्हणतात."

कारकून हसला. "असलं घर वहीत बसत नाही. दोन म्हणा. तिथे खिडकीची खोली मिळेल, शेजारी वैद्य. होडी उभीच आहे."

वैद्य म्हटल्यावर आईचा घास हातातच राहिला. लेकीला वारा लागला की खोकला यायचा आणि मग आईच्या डोक्यात नाही नाही ते यायचं. दोन म्हणायला असं किती लागतं? आपण हट्टी तर नाही? की नुसत्याच भित्र्या? ती तशी रोजच भ्यायची; भात जास्त शिजला तरी भ्यायची.

तेवढ्यात शेजारची म्हातारी आत आली. कुणाला काही न विचारता तिने पोरीला कडेवर घेतलं आणि तोंड पुसलं. "काय गं भवाने, भात गालाला खाऊ घालतेस होय?"

पोरगी खिदळली. आई उठली.

"सतराच लिहा," ती म्हणाली. "अट तुमचीच आहे, घर मोडायचं नाही."

"ठीक आहे, बसा सतरा!" कारकून चिडून म्हणाला.

सतरा जण होडीत बसले. पण म्हातारीचं घर बावीस जणांचं होतं, तेही आले. त्या बावीसांतल्या एका कोळ्याचं एकोणीस जणांचं. बघता बघता सगळं बेट पाण्यात उतरलं. होडी काठापर्यंत पाण्यात गेली.

"उतरा! अहो, उतरा!" कारकून ओरडला. "घरं आहेत तरी किती इथे?"

"एकच," आई म्हणाली. "मावत असेल तर न्या."

कारकुनाने वही मिटली. सगळे उतरले आणि होडी रिकामीच निघाली. आई गुडघाभर पाण्यात शिरून मागून ओरडली, "अहो कारकून! आमच्याकडे वैद्य नाही, हे मात्र ठळक लिहा! आम्हाला नेऊ नका, त्याला पाठवा!"

पुढच्या भरतीला वैद्य आला. उतरताच त्याच्या कडेवर कुणीतरी एक पोर दिलं.

तात्पर्य, तेही जरा ठणकावून: जे कमी आहे ते हक्काने मागावं, पण दुसऱ्याच्या वहीत बसावं म्हणून आपली माणसं खोडू नयेत.