सात रांजण आणि गुलाबी नख

शमा, पाय पांघरुणात घे. नीरज, तू भिंतीकडे सरक जरा. हं, आता ऐका.

एक होता राजा, आणि त्यानं समुद्र कधी बघितलाच नव्हता. त्याचं राज्य माळावर. तिथे ज्वारी होती, करडई होती, मेंढरं होती. समुद्र तेवढा नव्हता. एके दिवशी राजाच्या मनात आलं, आठ दिवस बेटावर जाऊन राहावं. का? तर शेजारचा राजा जाऊन आला होता म्हणून. राजांची कारणं अशीच असतात, बरं का.

मग कारभारी नरहरपंतांनी यादी केली. यादी एवढी लांब, की ती गुंडाळायला दोन माणसं लागली. किनाऱ्यावर कोळ्यांचे तीन मचवे ठरवले. मचवा म्हणजे शिडाची मोठी होडी. पहिल्या मचव्यात खाणं: पिठाची पोती, तुपाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि मीठ बारा पोती. हो, समुद्रावर जाताना बारा पोती मीठ! हसू नका, पुढे रडायचं आहे. दुसऱ्या मचव्यात गाद्या, लोड, मच्छरदाण्या आणि राणीसाहेबांचा झोपाळा. तिसऱ्यात करमणूक. पहिल्या दिवशी कुस्ती, दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, तिसऱ्या दिवशी पतंग. म्हणून दोन पैलवान, शंभर पतंग आणि गुलाबी रंगाची पाच मडकी.

मचव्यांचा म्होरक्या होता पदाजी तांडेल. उन्हानं रापलेला, बोलायला कमी. त्यानं तिन्ही मचव्यांतून एक फेरी मारली आणि विचारलं, "पंत, पाणी कुठाय?"

पंत म्हणाले, "अरे तांडेला, बेट म्हणजे काय? चहूकडे पाणीच पाणी! पाण्यात पाणी कशाला न्यायचं?"

सगळी मंडळी हसली. राजाही हसला.

पदाजी म्हणाला, "महाराज, ते खारं असतं. तोंडात घेववत नाही."

राजाला हे खरंच माहीत नव्हतं. पण चारचौघांत 'मला माहीत नाही' म्हणायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "असेल तिथे एखादी विहीर. चला!"

चुकीच्या जागी लाजला, बघा. खरं लाजायची वेळ पुढे होती.

मग मचवे बेटाला लागले. सामान उतरलं. पंतांनी पदाजीला सांगितलं, "आता तुम्ही जा. आठव्या दिवशी या. इथे मासळीचा वास नको महाराजांना." पदाजीनं शिडं चढवली. मचवे घेऊन निघून गेला.

बेटावर राहायची एकच बाई. आवडाई तिचं नाव. पाठीतून वाकलेली, पण नजर सुईसारखी. तिच्या झोपडीमागे खडकात एक झरा होता, एवढासा. सकाळपासून दुपारपर्यंत एक घागर भरायची, दुपारपासून तिन्हीसांजेपर्यंत दुसरी. झऱ्याजवळ सावलीत सात रांजण, काठोकाठ भरलेले, तोंडाला फडकी बांधलेले.

आवडाई राजाला म्हणाली, "झऱ्याचं पाणी घ्या बाबा, ओंजळ ओंजळ, रांगेनं. रांजणाला मात्र हात लावायचा नाही. ते तुमचं नाही न् माझंही नाही."

"मग कुणाचं?" राजानं विचारलं.

"समुद्र ज्याला फेकून देतो त्याचं. होडी फुटलेली माणसं इथे येऊन पडतात. माझ्या वाट्यातला रोजचा एक तांब्या मी त्यात ओतते. सात वर्षं लागली भरायला."

राजानं मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

पहिल्या दिवशी कुस्ती झाली. पैलवानांना आंघोळी लागल्या. झऱ्याचं साठलेलं पाणी संपलं. दुसरा दिवस रंगपंचमीचा. रंग आहे, पिचकाऱ्या आहेत, पण कालवायला पाणी नाही. समुद्राच्या पाण्यात कालवला तर रंग फाटला. राणीसाहेब हिरमुसल्या. तेव्हा पंत कानाशी लागले, "महाराज, सात रांजण आहेत की. आज काही कुणी बुडत नाहीये."

मग राजानं काय केलं? थांबवलं? नाही. स्वतःच्या हातानं पहिलं फडकं सोडलं.

आवडाई आडवी आली. पैलवानांनी तिला उचलून बाजूला बसवलं. हळूच बसवलं, हां, पण बसवलंच. आणि मग पिचकाऱ्या उडाल्या. वाळू गुलाबी, माणसं गुलाबी. सात वर्षांचं पाणी एका दुपारी संपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पतंग उडवायचे होते. वारा छान होता. तेवढ्यात किनाऱ्यावर दोन माणसं दिसली. पाण्यातून रांगत येत होती. एकानं दुसऱ्याला ओढत आणलं होतं. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. कोण होतं माहीत आहे? पदाजी तांडेल. आणि ज्याला ओढत आणलं होतं तो त्याचा भाऊ, हिराजी.

झालं होतं असं. राजाची माणसं पाण्यावाचून मरतील, हे पदाजीला घरी गेल्यावर स्वस्थ बसू देईना. म्हणून त्यानं मचवा पाण्याच्या पिंपांनी भरला आणि भावाला घेऊन परत निघाला. मचवा जड झाला. वारा फिरला. खडकावर आपटून फुटला. दीड दिवस दोघं एका फळीवर तरंगत होते.

पदाजी सरळ रांजणांकडे गेला. त्या समुद्रावरच्या प्रत्येक माणसाला ते रांजण माहीत होते. त्यानं पहिल्यात वाकून पाहिलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. पुढचे चार त्यानं पाहिलेच नाहीत.

"आवडाई," तो म्हणाला, "पाणी?"

आवडाईनं राजाकडे पाहिलं. राजानं पंतांकडे पाहिलं. पंत घाईघाईनं म्हणाले, "उन्हानं आटलं हो. फार ऊन पडलं यंदा."

राजा गप्प राहिला. खोटं पंत बोलले, पण गप्प राजा राहिला. ते जास्त वाईट, बरं का. पदाजीनं राजाचे हात पाहिले. कोपरापर्यंत गुलाबी. रांजण कलंडवून तळाचा गुलाबी चिखल त्यानं ओंजळीत घेतला आणि भावाच्या ओठांना लावला.

राजाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण बेटाची जमीन खडकाची. ती कशाला दुभंगते?

मग पाच दिवस काढायचे होते, चाळीस माणसं आणि एक झरा. राजा रांगेत शेवटी उभा राहिला. त्याची ओंजळ भरली की तो ती हिराजीला पाजायचा. थेंबही न सांडता, गुडघ्यावर बसून. हिराजी वाचला. पण त्यानं एकदाही राजाकडे बघितलं नाही.

आता गंमत ऐका. बाकी सगळ्यांचा रंग गेला. राजाच्या हातांचा जाईना. त्यानं समुद्राच्या पाण्यानं धुतले, वाळूनं घासले, राखेनं घासले. रंग तसाच. आवडाई म्हणाली, "पाण्यानं नाही जायचा तो. पाणी गेलं म्हणून लागलाय. पाणी परत येईल तेव्हा जाईल."

आठव्या दिवशी उरलेले मचवे आले, सगळे घरी गेले. पंतांनी दप्तरात लिहून ठेवलं, 'महाराजांची बेटावरची सहल आनंदात पार पडली.' लोक म्हणाले, "वा, महाराजांनी मेंदी काढली!" राजा हात शेल्यात लपवायला लागला. जेवताना लपवी, न्याय देताना लपवी. स्वतःच्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवेना. मग एके दिवशी म्हणाला, "बस झालं."

पहिल्यांदा त्यानं शंभर नोकरांकडून पाणी पाठवलं. नोकरांनी रांजण भरले. सकाळी बघतात तो कोरडे ठाक.

दुसऱ्यांदा राजा स्वतः गेला. पण कसा? पुढे ढोल, मागे ताशे, भाट गाताहेत, 'दानशूर महाराज!' आपणच उपसलेलं पाणी परत करायला निघाला आणि दान म्हणवून घेतो! रांजण भरले. सकाळी पुन्हा कोरडे.

तिसऱ्यांदा राजा एकटा किनाऱ्यावर आला. साधं धोतर, खांद्यावर घागर. पदाजी जाळं शिवत बसला होता. राजा म्हणाला, "पदाजी, रांजण मी उपसले. ऊन नव्हतं ते. मी होतो. आणि मी गप्प बसलो. नेशील मला?"

पदाजीनं जाळं खाली ठेवलं. होडी लोटली. अर्ध्या वाटेत राजानं विचारलं, "रागावलायस का रे?"

"वल्हं मारा महाराज," पदाजी म्हणाला, "भरती निघून जाईल."

अशा किती खेपा झाल्या? कुणी मोजल्या नाहीत. राजाच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. सातवा रांजण भरला तेव्हा आवडाईनं त्याला फडकं बांधलं आणि म्हणाली, "बाबा, हात बघ."

रंग गेला होता. फक्त डाव्या करंगळीचं एक नख गुलाबी राहिलं.

"हे?" राजानं विचारलं.

"राहू दे तेवढं," आवडाई म्हणाली.

घरी येऊन राजानं दप्तर मागवलं. 'आनंदात पार पडली' यावर काट मारली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सात रांजण मी उपसले.' पंत म्हणाले, "महाराज, नंतरचे लोक वाचतील हो!" राजा म्हणाला, "म्हणूनच."

मग राजा म्हातारा झाला. नातवंडं मांडीवर बसायची आणि विचारायची, "आजोबा, हे नख असं का?" त्याला मेंदी म्हणता आलं असतं. तो दरवेळी खरी गोष्ट सांगायचा, आणि दरवेळी त्याचे कान लाल व्हायचे. पण रांजण पुन्हा कधी रिकामे झाले नाहीत. आवडाई बेटावर सुखात राहिली, पदाजी न् हिराजी समुद्रावर सुखात राहिले, आणि राजाही राहिला, जमेल तेवढ्या सुखात.

झाली गोष्ट. शमा, उद्या सहलीची पिशवी भराल तेव्हा आधी पाण्याची बाटली, मग खेळणी. आणि नीरज, मघाशी तांब्या कुणी सांडला ते मी विचारणार नाही. सकाळी तूच सांग. मिटा डोळे.